पारखी ठीक म्हणतोय

फोरमनचा दात पडला तेव्हा खटखट्या फाटकाबाहेर स्कूटर लावत होता. दात पडल्याचा आवाज काही एवढ्या लांब येत नाही, पण त्यामागोमाग प्रेसच्या शेडमधून जी आरोळी उठली ती रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू गेली. एरवी या कारखान्यात मशिनी ओरडायच्या आणि माणसं तोंड मिटून असायची. आज सगळं उलटं होतं, आणि ते काही खटखट्याला बरं वाटलं नाही.

फाटकात वॉचमन खुर्चीवर डोकं मागे टाकून बसला होता. नाकाला लावलेला रुमाल लाल झाला होता.

"तुझी बहीण," तो रुमालाआडून म्हणाला. "आवर तिला. मी मध्ये पडलो तर कोपरानं हाणलं मला. मी काय घोडं मारलं होतं तिचं?"

खटखट्याने लॅपटॉपची पिशवी छातीशी धरली आणि तो पळत सुटला.

खटखट्या हे काही त्याच्या आईबापाने ठेवलेलं नाव नव्हे. पत्रा ठोकून बिजागऱ्या, कड्या आणि कोयंडे काढणाऱ्या त्या कारखान्यात सगळे कंप्युटर त्याच्या ताब्यात होते, आणि दिवसभर त्याची बोटं कीबोर्डवर चाललेली असत, म्हणून ते नाव पडलं. त्यालाही ते आवडायचं. कौतुकाला हपापलेल्या माणसाला टोपणनावसुद्धा पदकासारखं वाटतं, आणि हा गडी कौतुकाला चांगलाच हपापलेला होता.

त्याच्या हाताखाली खऱ्या अर्थाने होत्या त्या तीन मोठ्या प्रेस. वरून लोखंडी ठोकळा उतरायचा, खालच्या साच्यावर ठेवलेला पत्रा क्षणात बिजागरी होऊन निघायचा. पायाशी पेडल. पेडल दाबलं की ठोकळा उतरलाच. साच्यात हात असताना तो उतरू नये म्हणून मशीनच्या तोंडाशी दोन खांब होते. एका खांबातून न दिसणारे किरण निघून दुसऱ्यात जात. मध्ये हात आला, किरण तुटले, की पेडल कितीही दाबा, मशीन जागचं हलत नसे. कामगार त्याला पडदा म्हणत, आणि पडद्यावर त्यांचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. अडकलेला तुकडा काढायला दिवसातून कितीदा तरी हात आत जायचा, आणि पाय पेडलवरच असायचा.

आता हा पडदा चालायचा एका कार्डावर. कार्ड बसलेलं प्रेसच्या कंप्युटरमध्ये, आणि कार्ड इतकं जुनं की त्याला ऑपरेटिंग सिस्टिमची एकच ठरावीक जुनी आवृत्ती पटायची. त्याहून नवीन आवृत्ती घातली की कार्ड गपचूप झोपी जायचं. बोंब मारायचं नाही, लाल दिवा लावायचं नाही. आणि मशीन बनवणाऱ्यांची अक्कल अशी की कार्डाकडून काहीच निरोप आला नाही तर समोर कोणी नाही असं समजायचं आणि हिरवा दिवा लावून मोकळं व्हायचं. घरातून आवाज येत नाही म्हणजे सगळे सुखात आहेत, असं मानणारे शेजारी असतात, त्यातलाच हा प्रकार.

म्हणजे कंप्युटर बिघडला आणि सिस्टिम पुन्हा भरायची वेळ आली की कोणत्या आवृत्तीचा इन्स्टॉलर घ्यायचा, यावर माणसांचे हात अवलंबून होते. आणि इन्स्टॉलर होते कुठे? खटखट्याच्या टेबलाच्या खणात, पेनड्राइव्हच्या ढिगाऱ्यात. एकावर चिकटपट्टी लावून लिहिलेलं, 'नवीन'. दुसऱ्यावर, 'खरं नवीन'. तिसऱ्यावर, 'हेच घ्या'. बाकीच्यांवरचं अक्षर तेलकट बोटांनी पुसून गेलेलं. या गोंधळावर उपाय म्हणून खटखट्याने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. पेनड्राइव्ह लावायचा, काळी खिडकी उघडायची, एका ओळीची कमांड द्यायची. आत कोणता इन्स्टॉलर आहे, त्याची आवृत्ती कोणती, हे स्क्रिप्ट छापायची आणि खाली शेरा मारायची: 'ठीक' किंवा 'चालणार नाही'. तिचं नाव त्याने ठेवलं पारखी.

पारखी सुरुवातीला खरोखरच पारखी होता. इन्स्टॉलरला बाहेरून एक वेष्टन असतं, त्यावर आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो, आणि आत दाबून बांधलेली खरी सिस्टिम असते. पारखी ते गाठोडं सोडायचा, आतला आकडा वाचायचा, मगच शेरा मारायचा. त्याला वेळ लागायचा. फोरमन डोक्यावर उभा राहून म्हणायचा, "अरे, याच्या नादात माझी दाढी वाढली. तुझा पारखी झोपतो का मध्येच?" लोक हसायचे. हे हसणं खटखट्याला झोंबलं, आणि एके दिवशी त्याने गाठोडं सोडायचं कामच काढून टाकलं. पारखी आता नुसतं वेष्टन वाचू लागला. पापणी लवायच्या आत 'ठीक'. शेडभर वाहवा झाली. डब्यावर साखर लिहिलंय म्हणजे आत साखरच असणार, हा हिशेब. स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलेला माणूस असा हिशेब करत नाही.

आणि त्याच वाहवेच्या भरात आणखी एक गोष्ट बंद पडली. पूर्वी मशीनला कोणी हात लावला की नंतर साच्यात लाकडाचा तुकडा धरून पेडल दाबून बघायची रीत होती. ठोकळा उतरला नाही तर पडदा जिवंत. पारखी आल्यापासून लोक म्हणू लागले, कशाला ती कटकट, पारखी ठीक म्हणतोय ना? खटखट्याने छाती फुगवून सांगितलं होतं, "पारखी चुकत नाही. माणसं चुकतात."

गेल्या आठवड्यात तिन्ही प्रेसचे कंप्युटर बदलले. एक नंबर आणि दोन नंबर खटखट्याने भरले. तीन नंबरला उशीर होत होता, तेव्हा फोरमनने खिशातून स्वतःचा पेनड्राइव्ह काढला आणि ते मशीन परस्पर भरलं. काल दुपारी तीन नंबरवर खटखट्याचा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा, अडकलेली बिजागरी काढायला वाकला आणि त्याचा पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची चार बोटं आणि अर्धा तळवा साच्यात राहिला. तो तुकडा खरवडून काढायला पत्र्याची पट्टी वापरावी लागली.

शेडने तासाभरात निकाल दिला. दोन मशिनी खटखट्याने भरल्या, त्या ठीक चालताहेत. तिसरी फोरमनने भरली, तिने हात खाल्ला. म्हणजे फोरमनने घाईत वाटेल तो पेनड्राइव्ह खुपसला. मालकाने तीन नंबरवर ताडपत्री टाकली, बाकीच्या मशिनी चालू ठेवा म्हणून सांगितलं आणि तो केबिनमध्ये जाऊन बसला.

आज सकाळी इस्पितळात मेहुणा औषधाच्या गुंगीत एकच वाक्य परत परत म्हणत होता. "दादा, हिरवा होता. मी बघून हात घातला. हिरवा होता."

खटखट्या घरी आला. फोरमनचा पेनड्राइव्ह त्याच्याकडे नव्हता, पण तो कशाची नक्कल आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण नक्कल त्यानेच करून दिली होती. एक आणि दोन नंबरही त्याने ज्यावरून भरले होते, तो मूळ पेनड्राइव्ह त्याने लावला आणि पारखीला बाजूला ठेवून गाठोडं हाताने सोडलं. वेष्टनावर जुना आकडा होता. आत नवीन सिस्टिम होती. कोणीतरी कुठेतरी आतला माल बदलला होता आणि वरचं वेष्टन तसंच ठेवलं होतं. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, तिन्ही मशिनींचा पडदा आठवडाभर मेलेला होता, आणि तिन्ही हिरव्या दिव्यानं हसत होत्या.

त्याने फोरमनला फोन लावला, कोणी उचलला नाही. बहीण सकाळीच पाळीवर गेली होती, एक नंबर तीच चालवायची, पण शेडमध्ये फोन न्यायची बंदी होती. वॉचमनचा लागेना. मग तो स्कूटरवर बसला, आणि वाटेत या शहाण्याने काय केलं असेल? वाक्य जुळवलं. 'तांत्रिक कारणामुळे दोन दिवस मशिनी बंद ठेवाव्या लागतील.' कारण कोणतं, चूक कोणाची, याचा त्यात उल्लेख नाही. मालकाच्या कानात हळूच सांगायचं, पारखी गुपचूप दुरुस्त करायचा, सिस्टिम पुन्हा भरायची. असं त्याचं ठरलं होतं.

शेडमध्ये मात्र वेगळंच ठरलं होतं.

सगळी पाळी एक नंबरभोवती कोंडाळं करून उभी होती. मशीनचं मोठं चाक गरगर फिरत होतं, म्हणजे प्रेस चालू होती. तिच्यापुढे फोरमन गुडघ्यांवर होता. एक डोळा सुजून बंद झालेला, ओठ फाटलेला, हनुवटीवरून रक्त गळत शर्टाच्या खिशात जात होतं. त्याच्या पोटऱ्यांवर गेंडा बसला होता. गेंडा म्हणजे माल चढवणारा हमाल. त्याला हे नाव का पडलं हे त्याला पाहिल्यावर कोणी विचारत नाही. फोरमनचं उजवं मनगट खोकी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीने खालच्या साच्याच्या बोल्टला आवळून बांधलं होतं. तळवा साच्यावर उताणा पडला होता. बोटं काळीनिळी झाली होती.

आणि धाकटी पेडलपाशी उभी होती. हातात मोठा पाना. पान्याला केस चिकटलेले.

खटखट्याच्या शेजारी उभा असलेला एकजण त्याच्या कानाशी लागला. "घाबरू नको रे. नुसतं भेदरवायचंय. पडदा आहे की, थोडंच उतरणार आहे? कबूल झाला की सोडतो." आणि तो खुशीत हसला. त्या अख्ख्या शेडमध्ये खटखट्या एकटाच होता ज्याला हा खेळ नाही हे माहीत होतं.

"आला दादा," धाकटी म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता. रात्रभर ती इस्पितळाच्या बाकावर होती आणि तिथून थेट इकडे आली होती. "आता होऊ दे दूध का दूध. हा म्हणतोय त्याचा पेनड्राइव्ह बरोबर होता. याच्या खिशात सापडला. लाव तुझा पारखी. सगळ्यांसमोर लाव."

तिने पेनड्राइव्ह त्याच्याकडे फेकला. त्याच्यावर रक्ताचा अंगठा उमटलेला होता.

बोलायची वेळ हीच होती. तोंडाशी वाक्यही आलं होतं. पण तोंडाशी आलेलं वाक्य गिळायला खटखट्याला फार वेळ लागत नसे. त्याच्या डोक्यात चक्र फिरलं. पारखी लावला की काय येणार? 'ठीक' येणार. ठीक आलं की फोरमन निर्दोष. निर्दोष म्हटल्यावर धाकटी त्याला सोडणार. हातही वाचला, आपणही वाचलो, मग मालकाच्या केबिनमध्ये जाऊन ते तांत्रिक कारण सांगू. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल असा हाकला जातो.

त्याने रिकामं खोकं उपडं केलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, काळी खिडकी उघडली आणि कमांड दिली. पापणी लवायच्या आत उत्तर आलं.

"काय म्हणतोय?" मागून कोणीतरी विचारलं.

"ठीक," पुढचा म्हणाला. "जुनीच आवृत्ती. पारखी ठीक म्हणतोय."

आणि मग फोरमन हसला. तोंडात रक्त असताना माणूस हसला तर कसा दिसतो ते बघणाऱ्याने विसरायचं ठरवलं तरी विसरता येत नाही.

"ऐकलंस?" तो थुंकला. "भावाचाच पारखी सांगतोय. माझं मशीन ठीक होतं. तुझा नवरा झिंगून आला होता, बाई. मला वास आला होता. झिंगून आला आणि कुठेतरी हात घातला."

मेहुणा दारूच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही, हे सगळ्या शेडला माहीत होतं. धाकटीने पाना दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला. फोरमन गुरासारखा ओरडला. गेंड्याने त्याला मानेला धरून पुन्हा सरळ केला.

"बोल आता! बोल परत!"

फोरमनने मान वर केली. दुखण्याच्या पलीकडे गेलेला माणूस कधीकधी फार शूर होतो. "दाब की," तो म्हणाला. "पेडलची भीती घालतेस मला? मी या मशिनींवर म्हातारा झालो. हात आत असताना उतरत नाही, तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. दाब. सगळ्यांना कळू दे पडदा चालतो. म्हणजे कळेल तुझ्या नवऱ्याचा हात कुणामुळे गेला ते. दाब ना!"

"दाबते," धाकटी म्हणाली आणि तिने पाय उचलला.

"दाबू नको!" खटखट्या ओरडला. "उतरेल!"

तिचा पाय हवेतच थांबला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"काय उतरेल?" गेंड्याने विचारलं. "एक नंबर तूच भरलंय. ठीक आलं होतं, मी स्वतः बघितलं."

"पारखी चुकतो."

कोंडाळ्यात कोणीतरी फिसकन हसलं. "पारखी चुकत नाही, माणसं चुकतात," गेंडा म्हणाला, अगदी खटखट्याच्या ढंगात, छाती फुगवून. "कोण म्हणायचं रे हे?"

"अरे, मी सांगतोय ना! पडदा मेलाय. याचापण, दोनचापण. आधी त्याचा हात सोडा, लाकूड घालून बघू."

"हात सोडा!" दुसरा कोणी तरी ओरडला. "सोडवायला आलाय फोरमनला. मालकाने पढवून पाठवलाय याला."

"कुऱ्हाडीचा दांडा, गोतास काळ," एक म्हातारा फिटर म्हणाला आणि थुंकला.

खटखट्या पुढे धावला. गेंड्याने बसल्या जागेवरून हात लांब केला, त्याची कॉलर धरली आणि त्याला बाजूच्या रॅकवर भिरकावलं. कपाळ कोपऱ्यावर आपटलं. गरम काहीतरी डोळ्यात उतरलं आणि अर्धी शेड लाल झाली. ज्या पारखीवर विश्वास ठेवायला त्याने या माणसांना शिकवलं होतं, त्याच पारखीपुढे आता त्याच्या शब्दाला कवडीचीही किंमत नव्हती. फोरमन अजून बोलतच होता. "दाब. दाब ना. फाटली का?" आणि धाकटीचा पाय खाली येत होता.

तो उठला नाही, उठायला वेळच नव्हता. गुडघ्यांवर, हातांवर रांगत तो गेंड्याच्या बाजूने घुसला आणि त्याने स्वतःचा उजवा हात साच्यात खुपसला, फोरमनच्या हातावर. खालचा हात थंडगार पडला होता. वर ठोकळ्याच्या कडेला कालच्या मालाचं तेल चमकत होतं. हिरवा दिवा हिरवाच होता.

"आता दाब," तो म्हणाला.

यापुढे तो काही बोलला नाही. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. आई गेल्यावर या दादानेच तिच्या वेण्या घातल्या होत्या, वाकड्यातिकड्या, आणि शाळेत पोरी हसल्या तर खोटं सांगितलं होतं की आता हीच पद्धत आहे. त्याचं खोटं ती लहानपणापासून ओळखायची. खोटं बोलताना तो भडाभडा बोलायचा, पटवून देत राहायचा, हातवारे करायचा. खरं असलं की त्याची वाचा बसायची. आता त्याची वाचा बसली होती. विजारीवर एक ओला डाग मांडीपासून खाली पसरत चालला होता.

पडद्यावर भरवसा असलेला माणूस पडद्यात हात घालताना विजार ओली करत नाही.

धाकटीने पाय मागे घेतला. आधी थोडा, मग पूर्ण. ती एक पाऊल मागे सरली आणि म्हणाली, "पट्टी काप."

"अगं, पण..." गेंडा म्हणाला.

"काप म्हणते ना!"

गेंड्याने चाकू काढला. पट्टी तुटली तसा फोरमन मागे कोसळला. खटखट्याने आपला हात बाहेर घेतला, पण तो त्याचा त्यालाच कळेना. हात बाहेर आहे हे त्याला डोळ्यांनी बघून ठरवावं लागलं. धाकटीने खोक्यांखालचा लाकडाचा तुकडा उचलला, साच्यावर उभा ठेवला, किरणांच्या बरोबर मध्ये. दिवा हिरवाच राहिला. तिने पेडल दाबलं.

धाड!

लाकडाच्या चिरफळ्या उडाल्या. एक चिरफळी फोरमनच्या गालाला लागून खाली पडली. ठोकळा वर गेला तेव्हा साच्यावर लाकूड नव्हतंच, भुसा होता.

जो मघाशी कानाशी लागून हसला होता, तो आपली बोटं एकेक करून चाचपत होता. फोरमनने सुजलेला हात तोंडासमोर धरला, मग साच्याकडे पाहिलं, मग पुन्हा हाताकडे. "मीच म्हणत होतो," तो पुटपुटला. "मीच म्हणत होतो ना, दाब." आणि त्याला ओकारी झाली.

धाकटी भावाजवळ आली. "कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"मघाशी लॅपटॉप उघडलास तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"ठीक येणार, हेपण?"

"हो."

"मग लावलंस कशाला?"

खटखट्याला आता वाक्य जुळवता येईना. जे होतं तेच बाहेर आलं. "वाटलं, ठीक आलं की तू त्याला सोडशील. आणि मला काही सांगावं लागणार नाही."

धाकटीने पाना खाली टाकला. मग मूठ वळली आणि त्याच्या तोंडावर मारली. मागून दुसरी, तिसरी. प्रत्येक ठोशाबरोबर ती बोलत होती. "माझ्या पायानं गेला असता. माझ्या पायानं. तुला सांगायची लाज वाटते म्हणून मी कसाई होणार होते. याचा हात माझ्या पायानं जाणार होता, दादा! हे घेऊन मी त्यांच्या खाटेशी जाऊन बसणार होते?" ती रडत होती आणि मारत होती, आणि दोन्ही थांबवायचं तिच्या हातात राहिलं नव्हतं. खटखट्याचं नाक फुटलं. त्याने तोंड लपवलं नाही, तेवढी तरी त्याला शरम होती.

मग फोरमन उठला. एका खांद्याने लोंबकळत, डाव्या हाताने मशीनचा आधार घेत, त्याने खटखट्याच्या बरगडीत लाथ घातली. मग गेंडा आला. मग तो म्हातारा फिटर, मग बाकीचे. आठवडाभर या प्रत्येकाने त्या साच्यांत हात घातला होता, बिनघोर, शिट्टी वाजवत, पाय पेडलवर ठेवून, आणि ते सगळे दिवस आता एकदम अंगावर आले होते. कोणी पट्ट्याने मारत होतं, कोणी बुटाने. लॅपटॉप कोणाच्या तरी पायाखाली चुरडला. खटखट्या जमिनीवर पडला होता. तोंडात तेल, भुसा आणि रक्त एकत्र झालं होतं, आणि एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. गेंड्याने त्याचा उजवा हात धरून बाहेर ओढला, बोटं फरशीवर पसरली आणि टाच उचलली.

"थांब!"

धाकटी मध्ये घुसली. गेंड्याला तिने दोन्ही हातांनी ढकललं. कोंडाळं हललं. खटखट्याने एका उघड्या डोळ्याने वर पाहिलं. त्याला वाटलं, शेवटी बहीण ती बहीण.

तिने डोळे पुसले. ती त्याच्याकडे बघत नव्हती, दोन नंबरकडे बघत होती.

"हात सोडून मारा," ती म्हणाली. "त्याला या मशिनी आजच नीट भरायच्यात. गाठोडं सोडून. माझ्यासमोर."

खटखट्याने दोन्ही हात पोटाशी घेतले, त्यांच्याभोवती अंगाचं मुटकुळं केलं आणि बाकीचं सगळं त्यांच्या हवाली केलं.